पेवाचं तोंड

विश्रामबागेत, चष्म्याच्या दुकानावर, पहिला मजला.
पाटी : तबस्सुम शिकलगार, समुपदेशक.
खाली बारीक अक्षरात : चपला आत आणल्या तरी चालतील.

मी बाहेरच काढल्या.

फॉर्मात लिहिलं, मगदूम भूपाल आदगोंडा, वय एकोणसाठ,
हळदीच्या अडतीत तोलाईदार.
'त्रास' या रकान्यात काय घालायचं कळेना.
त्रिशलानं पेन ओढून घेतलं :
झोपेत मूठ वळते यांची. मी उघडते. परत वळते.

मला वाटलेलं, गोळी देतील.
म्हणाल्या, गोळी डॉक्टर देतात, लागलीच तर मिरजेला चिठ्ठी देईन.
मग उपदेश तरी करतील,
पाटीवर शब्दातच लिहिलाय की.
हसल्या. म्हणाल्या, हो, शब्द जरा फसवा आहे.

पहिले पन्नास मिनिटं मी हळदीचे भाव सांगितले.
हळकुंड, गड्डा, कणी.
त्या ऐकत होत्या, जणू भावातूनच रस्ता जातो कुठंतरी.
सहाशे रुपये. जिना उतरताना हिशेब केला,
मिनिटाला बारा.

दुसऱ्या वेळी खोटं बोललो. झोप लागतीय, म्हणालो.
त्यांनी लिहून घेतलं.
माझ्या काट्यावर कुणी असं केलं असतं
तर जागेवर पकडला असता.

तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, 'भीती वाटत असेल.'
आठवडाभर राग. जायचंच नाही म्हणून बसलो.
त्रिशला म्हणाली, मग हेच सांगा जाऊन, राग आलाय म्हणून.
सहाशेत एवढं तर बसत असंल.
सांगितलं. आवाज चढला माझा.
त्या थांबल्या. म्हणाल्या,
माझं चुकलं, घाईनं नाव दिलं मी. नाव तुम्ही द्या.

डॉक्टर, उपाध्ये, अडतीचे शेठ,
हे वाक्य आजवर मला कुणी दिलं नव्हतं.

म्हणून मग त्यांना पेव सांगितलं.
हरिपूरला, जमिनीच्या पोटात, रांजणासारखं,
तोंड एका माणसापुरतं,
खाली वीस हात काळोख आणि हळद.
उघडलं की लगेच उतरायचं नाही.
तोंड मोकळं ठेवायचं, कोंडलेली हवा जाऊ द्यायची,
दुसऱ्या दिवशी दोरीनं कंदील सोडायचा.
वात विझली तर थांबायचं.
जळत राहिली, तर माणूस.
आणि वर एक जण, दोरी धरून.
त्यानं आत यायचं नसतं.
खालचा बोलतो ते ऐकायचं,
हाक थांबली की ओढायचं.

त्यांचं पेन थांबलेलं.
म्हणाल्या, मग आपणही आधी कंदीलच सोडू.
कुठवर, ते तुम्ही सांगायचं.

वर कोण होतं, ते विचारलं नाही.
विचारलं नाही, हे मला कळलं.

जाग आली की वेळ लिहायची, एवढाच गृहपाठ.
जुन्या तोलपावत्यांच्या पाठीवर लिहितो.
दोन चाळीस. दोन पंचावन्न.
दाबून लिहितो बहुतेक,
खालच्या पावतीवरही उमटतं.

सातव्या गुरुवारी म्हणालो, 'जिनगोंडा.'
म्हणालो, थोरला.
म्हणालो, व्यापाऱ्याची गाडी उभी होती,
कंदील सोडलाच नाही कुणी.
म्हणालो, मी सतरा वर्षांचा.
म्हणालो, दोरी

आणि वात विझली.

त्या पुढं सरकल्या नाहीत.
'तुमची चूक नव्हती' म्हणाल्या नाहीत,
ते बेचाळीस वर्षं सगळेच म्हणत आलेत.
पाण्याचा पेला जरा माझ्या बाजूला केला.
पंखा फिरत होता.
खाली चष्मेवाल्याकडं कुणीतरी मोठ्यानं अक्षरं वाचत होतं,
ग, म, र, ल,
त्याच्या खालची दिसत नाहीत.

आज इथवर, म्हणालो.
इथवर, म्हणाल्या.

रात्री त्रिशलानं दोनदा मूठ उघडली.
पावतीवर लिहिलं : तीन दहा. डावी.
दोरी डाव्या हातात होती,
हे आत्ता लिहिताना आठवलं.

गुरुवारी सव्वाचारला सांगायचं.