पट्टीची वही

जुन्या कूलरचा सांगाडा रिकामा करून तिला घर केलं.
आत गादी, गादीवर रबरी कापड,
त्यावर माझी नोकरीतली खाकी पँट,
वास ओळखीचा म्हणून.
सहा आठवडे, म्हणाल्या डॉक्टर खोब्रागडे.
उडी नाही, पायरी नाही, दिवाण तर नाहीच,
कुणी फाटक वाजवलं तरी धावणं नाही.
मी म्हटलं, मॅडम, ही भुंकल्याशिवाय राहायची नाही.
भुंकू द्या, म्हणाल्या. भुंकायला मागचे पाय लागत नाहीत.

पट्टी, म्हणजे फूटपट्टी. नाव नातवाचं:
नुसती लांबी, उंची नाहीच.
एप्रिलमध्ये एका सकाळी दिवाणावरून उतरली
आणि मागचे दोन पाय
वरच विसरून आल्यासारखी
फरशीवरून घासत आली माझ्यापर्यंत.
डोळ्यांत तक्रार नव्हती.
मोजत होती बहुतेक,
दोन इथे आहेत, दोन कुठे गेले.

मी लाइनमन. एकतीस वर्षं मानेवाड्याच्या तारा.
मॅडमनी चिमट्यात तिच्या मागच्या पायाचं बोट धरलं, दाबलं,
आणि ही गर्रकन वळून चावायला गेली.
मॅडम हसल्या. एवढ्या हसल्या की मला राग आला.
चावली ना! म्हणजे खालची खबर वर पोचते.
म्हणजे लाइन जिवंत आहे, मी म्हटलं,
लोड तेवढा घेत नाही.
तसंच काहीसं, त्या म्हणाल्या, आणि गोळ्या लिहिल्या.

आता पोटाखालून टॉवेल,
दोन्ही टोकं माझ्या मुठीत.
अंगणात तुळशीपर्यंत पुढची अर्धी ती चालते,
मागची अर्धी मी.
समोरचे तितरमारे विचारतात, काय करून राहिले भाऊ?
पट्टीले फिरवून राहिलो.
ते रोज विचारतात. मी रोज सांगतो.

लघवी दाबून काढावी लागते.
मॅडमनी हात धरून शिकवलं:
आत संत्र्याएवढं लागेल
(नागपुरात दुसरं कशाएवढं लागणार),
पिळायचं नाही, हळूहळू दाबत न्यायचं मागे.
पहिले चार दिवस संत्रं सापडलंच नाही.
ती माझ्याकडे बघायची, मी भिंतीकडे.

मे महिना. रात्री दोनला वीज गेली.
एकेकाळी अशा वेळी माझा फोन वाजायचा,
आता मीच बोर्डाला फोन लावतो, कुणी उचलत नाही.
ओल्या पंचानं तिचे कान पुसले,
कूस बदलून दिली,
मोबाइल दातांत धरून उजेड केला
आणि दाबायला घेतलं. ती आकसली.

दारातून इंदू म्हणाली,
हात ऊन करून घ्या आधी.
पंचात गार झाले असतील.
चोळून चोळून ऊन करायचे, मग लावायचे.
मी घेत होती.

बेसा रोडच्या खांबावरून पडलो होतो ते साल.
तीन महिने पाठीवर.
भांडं, स्पंज, कूस.
मी छताकडे बघत शिव्या द्यायचो,
बोर्डाला, खांबाला, तिलाही.
तिचे हात कधी गार लागले नाहीत
हे मला
आज रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी कळलं.

काही बोललो नाही. मोबाइल दातांत होता.
हात चोळले.
संत्रं सापडलं.

वहीत लिहितो सगळं: गोळी, वेळ, किती झाली, रंग.
सव्विसाव्या दिवशी टॉवेल ओला. आपणहून.
इंदूनं तो टॉवेल वाळत घातला झेंड्यासारखा,
रस्त्याच्या बाजूला.
एकतिसाव्या दिवशी शेपटीचं टोक, एकदा,
तितरमारेंच्या आवाजाला. माझ्या नाही.

काल झोपेत चारही पाय चालले तिचे.
ससा असेल, मांजर असेल, तो पाववाला असेल.
मॅडम म्हणाल्या, झोपेतलं धरायचं नाही,
ते आपोआप होतं.
बरं, मी म्हटलं.
वहीत मात्र लिहिलं, पेन्सिलनं:
पहाटे ४.२०, चार पाय.
पुढे प्रश्नचिन्ह.

इंदूनं चहा ठेवताना वाचलं
आणि कपाच्या बुडानं
प्रश्नचिन्हावर गोल उमटवला.