एका हिसक्यात

सुगराबी नालबंदच्या तबेल्यात दाराशी पाच खुंट्या होत्या.
पहिलीवर दोर. दुसरीवर पोतं, भिजवून डोळ्यांवर टाकायला.
तिसरीवर बॅटरी. चौथीवर जंबूर आणि हळदीचा डबा.
पाचवी रिकामी.
ती कशाला, विचारलं तर म्हणायची,
"जे अजून सुचलं नाही, त्याला."

गंगाखेडातले टांगे तेव्हा संपत आले होते.
शेवटच्यानं रिक्षा घेतली
आणि घोडी स्टेशनमागं सोडून दिली,
गळ्यात सुतळी तशीच.
ती पहिली. मास्तरीण.
कान मागं घेऊन सगळ्या गल्लीला नापास करायची.
मग काडतूस, वरातीतला,
एक डोळा फटाक्यानं गेलेला.
मग चिमणी, वीटभट्टीवरची, पाठीला हाताएवढी जखम.
आणि फुटाणा,
माळेगावच्या यात्रेत तीन दिवस उभा, कुणी दात बघितले नाहीत.
चौथ्या दिवशी मालक म्हणाला, न्या फुकट,
फक्त दोर माझा परत द्या.
सुगराबीनं दोर परत दिला.
ओढणी गळ्यात बांधून आणला, दोन दिवस पायी,
डोकं उघडं, उन्हात.

मी नववी नापास. लीद उचलायला लागलो.
तिनं आधी गाठ शिकवली.
"घोडं ओढील तर सुटू नये,
पोरानं ओढली तर एका हिसक्यात सुटावी."
डोळे बांधून मारायला लावायची.
रात्री दोनला उठवून मारायला लावायची.
खुरांवर रंगानं फोन नंबर लिहायचे,
"वाहून गेलं तरी कुणाचं ते कळावं."

दर अवसेला तालीम.
ती थाळी बडवायची, की निघालो:
चार घोडी, मी, ती आणि तिचा दमा,
नदीकाठावरून वर, जुन्या जिनिंगच्या आवारात.
किती मिनिटं, ते भिंतीवर कोळशानं.
एकोणीस. सतरा. सतरा.
बावीस, फुटाणा नालीपाशी अडला.
चौदा.
गल्ली दारात यायची. वरात निघाली, म्हणायची,
नवरदेव कुठंय?

"पैठणचं पाणी यायला वेळ लागतो,
माजलगावचं रात्रीत येतं.
रेडिओ सांगेल तोवर गंगा उंबऱ्यात."
नऊ वर्षं गंगा उंबऱ्यात आली नाही.
त्यातली तीन तर घोड्यांना टँकरचं पाजलं,
पात्र इतकं कोरडं की पोरं त्यात क्रिकेट खेळत.
तालीम चुकली नाही.

आली ती आग.
शेजारच्या कडब्याच्या गंजीला, भर दुपारी.
तालमीत दुपार कधी नव्हतीच.
सुगराबी बाजारात. मी एकटा.
गाठी सुटल्या, चारही, एकेका हिसक्यात.
चारही बाहेर. मी मोजले, हात लावून मोजले.
फुटाण्याचं पोतं सोडायला वाकलो
तेवढ्यात मास्तरीण वळली
आणि आत गेली.
घोडं भ्यालं की घराकडं पळतं.
मला हे माहीत होतं. तिनं सांगितलेलं होतं.
घर जळत होतं.

सुगराबी मला काहीच बोलली नाही.
त्यानं जास्त लागलं.
भिंत नव्यानं सारवली, त्यावर चार शब्द:
बाहेर काढल्यावर दार लाव.
पाचव्या खुंटीला कुलूप अडकवलं.
मग हातोडा मागितला
आणि सहावी खुंटी ठोकली, रिकामी.

पाणी आलं तेव्हा ती नव्हती.
दम्यानं नेलं तिला, आदल्या उन्हाळ्यात.
माजलगावचं दार रात्री उघडलं,
थाळी कुणी वाजवली ते अजून कळलं नाही,
बहुतेक मीच.
पोतं, बॅटरी, दोर.
नव्या पोरानं डोळे झाकून गाठी सोडल्या.
घोडी वर चढली. मी मागं फिरून दार लावलं,
आत कुणी नव्हतं तरी लावलं,
कुलूप घातलं, ओढून बघितलं.

अकरा मिनिटं.
पाणी ओसरल्यावर लिहायला गेलो.
भिंत ओली, कोळसा ओला.
उमटलं नाही.