चौथी टाप

पॅराफिन एकशे साठ रुपये किलो.
मधमाश्यांचं मेण परवडत नाही.
सुताची गुंडी दौलतगंजातून, वीस.
विजेच्या बिलामागे लिहिलेला हा हिशेब,
आणि कारखाना म्हणजे मागची शेगडी,
एक कान तुटलेलं पातेलं, त्यात तरंगणारं दुसरं
जे आता पुन्हा दुधाचं होणार नाही.

वय सत्तेचाळीस. शाळेनं
मार्चमध्ये हात जोडून निरोप दिला.
श्रीरंग म्हणाले, शिकवण्या घे.
मी म्हटलं, घोडे करते. मेणाचे.
ते चहा ओततच राहिले,
बशी भरून वाहिली तरी.

घोडेच का, हे कुणी विचारलं नाही,
म्हणून सांगते.

कंपूहून मुलींच्या शाळेपर्यंत
आम्ही सात जणी एका टांग्यात.
नन्हेखाँचा टांगा, पुढे गजक:
मुरैन्याच्या गजकचाच रंग,
पोटावर तिळासारखे ठिपकेसुद्धा.
मी धाकटी, म्हणून मागच्या बाजूला, पाय लोंबते,
तोंड मागे पळणाऱ्या रस्त्याकडे.
घोडी दिसायचीच नाही.
चार वर्षं मी तिला नुसतं ऐकलं.
फरशीवर टक्‌टक्, डांबरावर टप्‌टप्,
आणि चढ लागला की
चारातला एक ठोका गिळलेला.

उतरल्यावर डब्यातला गूळ तळहातावर धरायचा.
एवढं मोठं जनावर,
आणि ओठ मोदकाच्या उकडीइतके मऊ.

मग टेंपो आले.
गजक कुठे गेली ते मोठ्यांनी सांगितलं नाही,
मीही नीट विचारलं नाही.

पहिला घोडा साच्यातून निघाला तो गाढव होऊन.
दुसऱ्याची मान हातात आली.
वातीसाठी शेपटीचे केस आणले
वरातीच्या घोडीवाल्या फिरोजकडून (तो हसला),
तर घरभर असा जळका वास
की शेजारच्या भागवतकाकू दार ठोठावत आल्या,
कोण पेटलं म्हणून.

अकरावा साधला.
मान वळलेली, आयाळ वाऱ्यावर.
मेळ्यात पापडवाल्या विमलच्या अर्ध्या टेबलावर
ओळीनं दहा मांडले.
लोक उचलत, हुंगत, ठेवत.
संध्याकाळी एका मुलीनं एक नेला.
दुसऱ्या दिवशी तीच, डोळे सुजलेले:
"आंटी, इसके कान पहले पिघल गए।"

कान.
घोडा कानांनी बोलतो हे मला ठाऊक,
आणि वात मी नेमकी तिथेच ओवली होती.
आगीला तर गजक इतकी भ्यायची
की दिवाळीत नन्हेखाँ तिच्या डोळ्यांवर
आपला गमछा बांधून
रात्रभर ठाणावर बसायचा.

त्या रात्री उरलेले नऊ
एकेक करून पातेल्यात सोडले.
थोडं पोहले. मग बसले. मग नव्हते.
श्रीरंगनी न सांगता गॅस बंद केला.

आता रविवारी सकाळी परातभर चिकणमाती घेऊन
फिरोजच्या तबेल्यात जाते.
रात्रीच्या वरातीहून आलेली शबनम पेंगत असते,
कपाळावर थोडी चमकी अजून चिकटलेली.
तो एकेक पाय उचलतो,
मातीवर टेकवतो, उचलतो.
कुंभार भाजून देतो.
मी त्या खळग्यात मेण ओतते, वात मधोमध.
जळून गेलं की टाप उरते,
वाटल्यास कुणी त्यात मीठ ठेवावं.

डब्यात चार.
शबनम मागचा डावा पाय टेकवते न टेकवते तोच काढून घेते,
म्हणून चौथी उथळ, मेण कमी,
पंधरा मिनिटं आधीच विझते.
गिऱ्हाईक विचारतं, ही अशी का?
मी दहा रुपये कमी करते.

चढ होता, असं सांगत नाही.