दहा नंबरची सुई

दहा नंबरची एक सुई
कारल्याच्या कुंडीत आहे.
दुसरी माझ्या हातात, तिच्यावर बेचाळीस टाके,
आणि ओळ जिथल्या तिथे.

चूक माझीच.
वेल आडवा पडत होता, घरात काठी नव्हती,
आणि मांजराला नेमकं त्याच कुंडीत बसायचं होतं.
एका सुईत दोन्ही कामं होतील म्हणून खुपसली.
वेल उभा राहिला.
मांजराने सुईला गाल घासला
आणि ते शेजारच्या पुदिन्यावर जाऊन बसलं.

माझं नाही ते मांजर.
सोसायटीच्या सभेत मी हे लेखी दिलंय.
सकाळी साडेसहाला ग्रिलमधून येतं,
साय खातं,
गवती चहाची एक पात चावून चावून
मोरीच्या तोंडाशी ओकतं
आणि सही करून कामाला लागल्यासारखं निघून जातं.
मी खारी म्हणते, रंगावरून.
दुसऱ्या मजल्यावर टिपणीसांकडे त्याचं नाव मन्या.
वॉचमन शिवपूजन दरोगाजी म्हणतो.
तिन्ही हाकांना ते सारखीच पाठ दाखवतं.

ठाण्यात स्वेटर कशाला, असं विचारतात.
बरोबर आहे.
कोलबाडात थंडी म्हणजे जानेवारीतल्या चार पहाटा,
त्यातली एक ढगाळ.
पण एकतीस वर्षं पाणीखात्यात मीटरचे आकडे उतरवले,
रिटायर झाल्यावर बोटांना मोजायला काहीतरी लागतं.
भाचीला एक झाला, तिच्या नवऱ्याला एक.
दोघं चेन्नईत असतात.
कपाटात आहेत स्वेटर, असं म्हणाली फोनवर,
छान घडी करून.

मंगळवारी मांजराच्या गळ्यात पट्टी होती.
लोकरीची. मोरपंखी.
मी चष्मा लावला.
एक सुलट एक उलट, बोटभर रुंद,
टोकाला शर्टाचं बटण, चार भोकांचं,
आणि मधेच एक टाका सुटलेला,
न उसवता तसाच पुढे नेलेला.
हात सरावाचा होता, टाके एकसारखे घट्ट.
नजरच कुठेतरी कमी पडली असावी,
किंवा दिवा लावायचा कंटाळा.

कोण ते विचारता आलं असतं.
टिपणीसबाई सुईत दोराही ओवत नाहीत, म्हणजे त्या नव्हेत.
सी विंगमध्ये एका खिडकीत दुपारची
एक खुर्ची असते, पाठ रस्त्याकडे.
मी काही विचारलं नाही.
ते सायीत गुंतलेलं असताना
क्रोशाच्या सुईने सुटलेला टाका वर आणला
आणि गाठ मारली.
मोरपंखी लोकर नव्हती माझ्याकडे.
मोहरीच्या रंगाची होती.
कात्री शोधेपर्यंत वाटी संपली, मांजर गेलं,
वीतभर शेपूट मागे लोंबतच.

बुधवारी आलं नाही.
गुरुवारी जास्वंदीवरचा मावा कडुनिंबाच्या पाण्याने पुसला,
एकेक पान, खालून,
आणि कान ग्रिलकडे.

शुक्रवारी आलं.
शेपूट नव्हतं.
पट्टीच्या कडेला मोहरीचे टाके होते.
तेवढ्या धाग्यात पाच होतात, पाचच घातलेले,
आणि चौथा सुटलेला.

मुद्दाम की काय, कळत नाही.

मी सुई काढायला कुंडीशी गेले.
कारल्याने तिला तीन ठिकाणी ताणे गुंडाळलेत,
बारीक, घड्याळाच्या स्प्रिंगसारखे.
एक सोडवू गेले तर तुटायला आला.
राहू दे म्हटलं.
पेन्सिलीला टोक करून टाके त्यावर घेतले, चालतं तेही,
जरा खरखरतं.

उद्या गावदेवीला जाऊन मोरपंखी लोकर मिळते का बघेन.
नवी सुयांची जोडीही आणेन.
आज चौथा टाका तसाच ठेवलाय.
मांजर पुदिन्यावर झोपलंय, पुदिना पुन्हा लावावा लागेल.