कच्चान

जुलै लागला की पाऊस पलीकडच्या उतारावरच
सगळा सांडून येतो.
इकडे, नमुनुकुलाच्या अंगाला, पोचतो नुसता वारा,
कोरडा, रिकाम्या हातांचा.
आमच्याकडे त्याला कच्चान म्हणतात.

तो सुटला की झुडपं ओठ मिटतात.
पान वाढायचंच विसरतं,
आखडतं, आतल्या आत काहीतरी मुरवत बसतं.
रात्री हाडं गारठतात, दुपारी ऊन सोलून काढतं,
आणि नखाएवढी कळी
दहा दहा दिवस तिथल्या तिथे.

हेच पान हवं असतं दूरच्या लोकांना.

मी चव-खोलीत पांढरे पेले विसळतो.
रत्नवीर साहेब एकेका पेल्यात चमचा बुडवतात,
सुर्रकन ओढतात, डोळे मिटतात, पिंपात थुंकतात.
वर्षभर त्यांचे शब्द तेच :
ठीक. पातळ. करपलाय. ठीक.
पण कच्चानच्या तिसऱ्या आठवड्यात
एका पेल्यापाशी ते थांबले
आणि थुंकायचं विसरले.
गिळलाच त्यांनी घोट.
मग म्हणाले, "योगा, वास घे."

काठाला सोनेरी कडं, तळाशी तांबूस उजेड,
आणि वाफेत एक गारवा.
पुदिना नव्हे. निलगिरीही नव्हे.
माझ्या ओळखीचा होता तो. बोललो नाही.
साहेब फोनवर कोलंबोला आकडा सांगत होते,
एका किलोचा.
मी तो मनात दोनदा म्हणून पाहिला.

त्याच दिवशी अम्माची टोपली
काट्यावर अकरा किलो.
अठरा लागतात.
अकराला वहीत अर्धं नाव पडतं :
पेचिअम्मा, आणि पुढे अर्ध्या दिवसाची रेघ.
मुकादम तरी काय करणार,
काटा खोटं बोलत नाही.
काट्याला नाक नसतं.

संध्याकाळी मी खिशातून कागदाची पुडी काढली.
चिमूटभरच. विचारून आणली नव्हती.
दूध नाही, उकळतं पाणी, वर बशी झाकून
पाच मिनिटं, अगदी साहेबांसारखी मोजून.

अम्मा गुडघ्याला बाम चोळत बसली होती.
तोच हात तिने पेल्याला लावला,
वाफ हुंगली, मग बोटं हुंगली,
मग पुन्हा वाफ, हात लांब धरून.
"याला माझ्या गुडघ्याचा वास येतोय रे.
पुडी औषधात ठेवली होतीस का?"

म्हटलं, हा वास वाऱ्याचा.
पैसे पडतात ते यालाच.
किती, ते सांगितलं नाही.

ती बराच वेळ पेल्यात बघत राहिली.
मग तळहातावर साखर घेतली,
चिमटीने जिभेवर ठेवली
आणि घोट घेतला, जरासुद्धा आवाज न करता.
"बरा आहे," म्हणाली.
"डाव्या गुडघ्यालाही चालेल."

बाहेर कच्चान पत्र्याचे खिळे चाचपत होता.
उद्याही पान हलकंच येणार.