मेळवण

नऊ खात्यांनी नऊ वेळा लिहून घेतला आहे
एकच प्रश्न: हा माणूस तोच का?
चंद्रकांत मोरेश्वर शितोळे, सी. एम. शितोळे,
आणि इंग्रजीत जाऊन परत आलेले चंदुभाई शितोले.
पगाराचा प्रोग्रॅम म्हणतो, एक.
पेन्शनचा म्हणतो, दोन.
दवाखान्याच्या बिलांत तर तीन आहेत,
आणि तिघांनाही मधुमेह.

माझं काम, अलकापुरीत, चौथ्या मजल्यावर:
नवांतल्या आठ सेवा बंद करायच्या,
उरेल ती सगळ्यांनी वापरायची.
कागदावर सोपं.
बैठकीत खाकरे आले, चहा आला,
प्रत्येकाने आपल्या कोडवर
लग्नातल्या पातेल्यासारखं नाव कोरलेलं.
"तुमची सेवा झोपली तर आमचे ट्रक उभे,"
डिस्पॅचचे खंडेराव म्हणाले.
खोटं नव्हतं ते.
हिरेन मान हलवत होता, दोन्ही दिशांना.

सगळ्यांत जुनी सेवा गुप्त्यांची.
गुप्ते आता कुठे, कुणाला ठाऊक नाही.
कोडच्या माथ्यावर त्यांनी लिहिलंय:
हात लावण्याआधी फोन करा.
खाली रावपुऱ्यातला नंबर.
मी लावला.
एक बाई म्हणाल्या, इथे झेरॉक्सचं दुकान आहे,
रंगीत हवंय का?

हीच बंद करावी, असं ठरलं.
म्हणून रात्रीच्या नोंदी काढल्या,
आणि दिसलं:
दोन वाजून दहा मिनिटं. रोज. मकरपुऱ्याहून.
नवांपैकी कुणीच नाही.

कँटीन.
कूपन छापणारं मशीन रात्रपाळीला
कोण जेवलं ते गुप्त्यांना विचारून घेतं,
अकरा वर्षं झाली.
कंत्राटदाराच्या पोराने जोडलं म्हणे.
अर्ज नाही, सही नाही,
बैठक तर नाहीच.
त्या हिशोबात चंदुभाई एकच.
चार रोटल्या, डाळ, ताक दोनदा.

उन्हाळ्यात माझं दही बिघडलं तेव्हा
शेजारच्या टेबलावरच्या जागृतीबेननी
वाटीत चमचाभर विरजण आणलं होतं.
त्या मेळवण म्हणतात.
परत कधी देऊ, विचारलं तर हसल्या:
"ए तो पाछुं न अपाय."

यादीत दहावी ओळ वाढवली: मकरपुरा, कँटीन.
मालकाच्या रकान्यात कर्सर
बराच वेळ लुकलुकत राहिला.
मग माझं आडनाव टाकलं,
आणि फोन नंबर,
घरचा.