विषय क्रमांक चार

आधी आगीचा बंब शेडबाहेर काढायचा,
मग खुर्च्या मांडायच्या, महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी.
म्हणजे मी मांडते.
वेळ सातची. सव्वासातला ड्रुसिला येते,
साडेसातला लिअँडर, कानातलं यंत्र घरी विसरून,
आणि गणपूर्तीला एक माणूस नेहमीच कमी,
म्हणून क्लेटनला फोन : जेवण झालं असेल तर ये,
नुसता बस, बोलू नकोस.
तो येतो. बोलतो.

विषय क्रमांक चार : धक्क्याच्या पायऱ्यांवरचा दिवा.
अकरा महिने हाच चौथा विषय.
खांब टेलिफोन कंपनीचा, दिवा वीज कंपनीचा,
पायऱ्या बंदर खात्याच्या,
सेंट जॉन्सहून उत्तर आलं की आपलं पत्र
योग्य त्या विभागाकडे पाठवलं आहे.
अंधार तेवढा समितीच्या अखत्यारीत.
असं मी लिहीत नाही.
मी लिहिते : पत्रव्यवहार चालू आहे.

दिवसभर कारखान्यात खेकड्यांचे पाय फोडून
बोटं अशी सुजतात की पेन धरताना वाटतं,
ही दुसऱ्याच कुणाची नांगी.
तरी तारीख, वार नीट घालते.
शिल्लक दोनशे बारा डॉलर चाळीस सेंट.
वर्गणी थकवलेली घरं नऊ,
त्यातली सात मला दुकानात गाठतात,
पावाच्या फळीपाशी,
कचऱ्याची गाडी गुरुवारी का आली म्हणून.
नवरा म्हणतो, कशाला या लष्कराच्या भाकऱ्या?
अरे, भाकऱ्या भाजून तरी होतात.

बॉइड नोजवर्दी उभा राहतो. समितीवर नाही तो,
पण एक सभा चुकवत नाही. पहिली रांग, टोपी मांडीवर.
"तो दिवा लागला की थेट माझ्या उशीवर पडतो.
चाळीस वर्षं बोटीवर जागलो. आता झोपू द्या."
"आणि आमची व्हायोला घसरली फेब्रुवारीत,
तिच्या मनगटाचं काय?"
"बर्फाने घसरली."
"अंधाराने."
"बर्फाने."
लिअँडर विचारतो, "कोण वारलं?"
मी विचारते, सूचक कोण, अनुमोदक कोण.
विषय पुढील सभेपर्यंत तहकूब.

मग खुर्च्या, एकावर एक, सोळा.
बंब आत घेता घेता क्लेटन म्हणतो,
छान झाली सभा.

मे महिन्यात एकदा रात्रपाळी करून येत होते.
धुकं इतकं, की स्वतःचे बूट दिसेनात.
आणि पायऱ्यांवर उजेड.
बोटीचा जुना दिवा, कठड्याला तारेने बांधलेला,
खाली मासळीच्या पेटीत गाडीची बॅटरी.
दिव्याच्या एकाच बाजूला, टेकडीकडच्या,
बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून लावलेला,
कडा हातोडीने दुमडलेल्या, कुणाला कापू नये म्हणून.
टेकडीच्या त्या अंगाला
एकच खिडकी आहे.

जूनची सभा. विषय क्रमांक चार.
बॉइड उभा राहिला. "परवानगीशिवाय दिवा लावला कुणी?
चौकशी झाली पाहिजे."
ड्रुसिलाने त्याच्या अंगठ्याकडे पाहिलं,
पट्टी बांधलेल्या. मग छताकडे.
पाऊण तास चर्चा झाली.
विमा कोण भरणार, बॅटरी कोण चार्ज करतं,
दिव्यावर मत्सरी गल बसले तर जबाबदार कोण,
हे क्लेटनचं.
नाव कुणी घेतलं नाही.

मी लिहिलं : दिवा लागलेला आढळला.
चौकशी पुढील सभेपर्यंत तहकूब.
सूचक ड्रुसिला. अनुमोदक लिअँडर,
त्याला या वेळी पहिल्या हाकेलाच ऐकू आलं.

विषय क्रमांक पाच : पुढील वर्षासाठी चिटणीस.
सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले.
मी वही चाळली.
अजून सत्तर पानं कोरी होती.